दंड आजोबांचे, गाल कुणाचे?

रक्त गोठू द्यायचं नसतं. डुकराच्या मानेखाली पातेलं धरायचं आणि पहिली धार पडल्यापासून हात थांबवायचा नाही, ढवळत राहायचं. थोरल्या भावाच्या, लाउरेंतिनोच्या घरी हे काम झुल्मिराशिवाय कधी कुणाला दिलं गेलं नव्हतं. नवरा वारल्यावर ती शेत सोडून काइको शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली, तरी लग्न असो की बाप्तिस्मा, रक्ताचा गोड शोरिसो करायचा ठरला की भावाची गाडी तिच्या दारात उभी राहायची. कालही राहिली होती. उद्या रविवारी त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा होता.

आता दुपार कलली होती. अंगणातल्या चुलीवर भली थोरली कढई, तिच्यात ते गाळलेलं रक्त, काकवी, डुकराची चरबी, मॅनिओक कंदाचं पीठ, लवंग, दालचिनी, बडीशेप, आलं. सकाळपासून माणसं पाळीपाळीने घाटत होती आणि आत्ता कुठे त्याला काळी चकाकी यायला लागली होती. सेरिदो मुलुखात हा गोड पदार्थ केला की तो घरात ठेवायचा नसतो. शेजारीपाजारी, सोयरेधायरे, सगळ्यांकडे वर काजू लावून बशी जायला हवी. एखाद्या घरी बशी गेली नाही की ती माणसं तोंड फिरवतात, आणि इथे फिरवलेली तोंडं पिढ्यान्‌पिढ्या सरळ होत नाहीत.

पडवीत लाउरेंतिनो नातवाला उघडाबंब करून मांडीवर उभा धरून बसला होता. येईल त्याला दाखवत होता.

"बघा, बघा दंड! आठ महिन्यांचं पोर आहे, कुणी म्हणेल का? आणि ह्या शिरा बघा, पोटऱ्या बघा! हा माझ्यावर गेलाय. उद्या घोड्यावर बसून बैल शेपटीला धरून लोळवेल, लिहून ठेवा."

"दंड तुमचे, कबूल," कितेरिया वहिनी आतून म्हणाली. लाउरेंतिनोची बायको कुठेही असली तरी तिचं लक्ष सगळीकडे असायचं. "मग गाल कुणाचे? असे बसलेले गाल आमच्यात नाहीत बाई कुणाचे. दिवसरात्र छातीला लागलेलं असतं पोर, तरी गाल म्हणून भरत नाहीत. दूधच पातळ आहे. पाण्याने कुठं पोट भरतं?"

हे ज्या सुनेला उद्देशून चाललं होतं ती लुसिमार खांबाला टेकून काजू सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. बाळ नेतिन्यो रडायला लागला तशी ती उठली, सासऱ्याच्या मांडीवरून त्याला उचललं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाजायला ती हल्ली कुणासमोर बसत नसे.

लुसिमार झुल्मिराची भाची. धाकटी बहीण दामियाना गेली तेव्हा पोर अकरा वर्षांची होती, आणि दोन वर्षांपूर्वी लाउरेंतिनोच्याच मुलाशी, जेनिवालशी तिचं लग्न लागलं तेव्हा आईच्या जागी झुल्मिरा उभी राहिली होती. आत्येच्या मुलीशी मामाच्या मुलाने लग्न करायचं यात या घराला नवीन काही नव्हतं. आजे-पणजे तसेच आले होते. जमीन घरात, गुरं घरात, सून घरातली.

झुल्मिरा घाटत राहिली. पण हात कढईत होते तरी जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी तिनेच नेतिन्योला आंघोळ घातली होती. साबण लावताना तिच्या हाताला काय लागलं ते तिने अजून स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. बाळाच्या ढुंगणाला हात लावला की हाताखाली मऊ काहीतरी दबतं. इथे काही दबलं नाही. कातडी, आणि कातडीखाली लगेच मांस. पोट तेवढं टम्म, बेंबी बाहेर आलेली. असं बाळ तिने आयुष्यात आणखी एकच न्हाऊ घातलं होतं, एकोणतीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा तिनेही त्याचे दंड साऱ्या गावाला दाखवले होते.

"मावशीऽ, इवोनेती आली!" कुणीतरी ओरडलं.

झुल्मिराने घाटणं शेजारणीच्या हातात दिलं आणि लगबगीने निघाली.

तिची लेक इवोनेती बाप्तिस्म्याचा झगा घेऊन आली होती. काइकोत भरतकाम करणाऱ्या बाया पुष्कळ, पण लहान मुलांचे झगे तिच्याकडूनच करून घ्यायला लोक लांबून येत. तिच्याकडे पाहिलं की मात्र नवख्या माणसाची नजर आधी हातांकडे जायची. रुंद पंजे, मनगटापासून खांद्यापर्यंत उमटलेल्या शिरा, गाल आत, छाती सपाट, मानेवरची कातडी काळवंडलेली. शाळेत पोरं तिला 'पैलवान' म्हणायची. मोठी माणसं तेवढी उघड म्हणत नसत, एवढाच काय तो फरक.

स्वयंपाकघरामागच्या चीज करायच्या खोलीत माय-लेकी एकट्या पडल्या. इवोनेतीने झगा टेबलावर पसरला.

"हे बघ, आई. आठ महिन्यांचं माप घेऊन शिवला होता मी. परवा घालून बघायला आले तर बाही दंडावरून वर सरकेना. बाही उसवली, पट्टी घातली. पोटाला घट्ट, तिथेही घातली. अशी पट्टी मी आजवर एकाही गिऱ्हाईकाला घातलेली नाही."

"पोरं काही सगळी एका मापाची नसतात."

"आई."

"काय?"

"तू आज त्याला आंघोळ घातलीस ना?"

चीज गाळायच्या फडक्याची घडी झुल्मिराने उलगडली, पुन्हा घातली.

"आज नको ग, इवो," ती शेवटी म्हणाली. "आज त्यांच्या घरी कार्य आहे. उद्याचा दिवस जाऊ दे. तू काही बोललीस तर म्हणतील, हिला मूल नाही, बाळ नाही, हिचीच दृष्ट लागली. तुला माहीत आहेत ना माणसं."

"मी बोलणारच नाहीये. माझा कंटाळा आलाय मला. जिथे जाते तिथे माझेच हात पुरावा म्हणून दाखवायचे. तू बोल."

"मी?"

"तुझं ऐकतील. आणि नाताल शहरातल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तूच ऐकलं होतंस, मी बाहेर बाकावर झोपले होते. तू आणि मामा होतात आत." इवोनेती झग्यावरची सुरकुती बोटाने सारखी करत होती. "मला तेराव्या वर्षी कळलं, चक्कर येऊन पडले तेव्हा. तोवर साखर चढली होती, लिव्हर सुजलं होतं. त्याला आठव्या महिन्यात कळू शकतं. मधली बारा वर्षं वाचतात, आई. तुला ठाऊक आहे ती बारा वर्षं कशी गेली."

ठाऊक कसं नसणार! पोर दिवसभर खायची. भाताचं भांडं पुसून खायची, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांसमोरचा मका उचलायची. झुल्मिराने कोठीला कुलूप घातलं होतं. हावरी, हावरी म्हणत पाठीत धपाटे घातले होते. आणि भावाला दुखवायचं म्हणजे काय तेही तिला ठाऊक होतं. विधवा बाईला माहेर म्हणून हे एकच घर उरलं होतं. आज तोंड उघडलं की पुढच्या कार्याला दारात गाडी येणार नव्हती.

ती उत्तर देणार तोच पडवीतून कितेरिया वहिनीचा आवाज आला. "आण इकडे त्याला! मी बघते कसे भरत नाहीत गाल ते!"

दोघी बाहेर आल्या. लुसिमार दारात उभी होती आणि नेतिन्यो सासूच्या कडेवर गेला होता. कितेरियाच्या हातात वाडगा होता. शेळीच्या दुधातली साखर घातलेली पेज, आणि वर चुलीजवळच्या डब्यातून पळीभर वितळलेली चरबी. पेजेवर चरबीचे सोनेरी थेंब तरंगत होते.

"माझ्या आईने आम्हा नऊ जणांना यावर वाढवलं. रोज सकाळ-संध्याकाळ एक वाडगा. महिन्यात गाल असे सफरचंदासारखे होतात की नाही बघा."

"मामी, त्याला अजून..." लुसिमार पुटपुटली.

"तू बोलू नकोस. तुझ्या दुधाने काय दिवे लावले ते दिसतंय."

पहिला चमचा बाळाच्या तोंडात गेला. ते असं काही चोखायला लागलं की चमचा सोडेना. माणसं हसली. "खातोय बघा! उपाशी होतं हो बिचारं!" लुसिमारचा चेहरा पांढराफटक पडला. झुल्मिराने तो चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, मेलं हे माहेर.

"वहिनी, तो वाडगा खाली ठेवा."

"का ग? पळीभर चरबीने काय विषबाधा होते?"

"त्याला होते."

कितेरियाने दुसरा चमचा भरला. झुल्मिराने पुढे होऊन तिचं मनगट धरलं. ओढाताणीत वाडगा कलंडला आणि पेज दोघींच्या अंगावरून खाली फरशीवर सांडली. बाळाने टाहो फोडला.

"झुल्मिरा!" लाउरेंतिनो उठला. "वेड लागलं का तुला? जा, कढई खाली लागतेय, जाऊन घाट."

"लागू दे." आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "याच्या अंगात चरबी नाहीये, दादा. गालात नाही, ढुंगणावर नाही, तळपायात नाही. मी सकाळी हात लावून बघितलंय. तुम्ही ज्याला जोर म्हणताय तो जोर नाही, ते नुसतं उघडं पडलेलं मांस आहे. चरबी साठायला अंगात जागाच नाही. जी खाईल ती रक्तात फिरणार आणि लिव्हरमध्ये जाऊन बसणार. इवोच्या बसली तशी."

सगळ्यांच्या नजरा इवोनेतीकडे वळल्या, आणि मग बाळाकडे, आणि परत इवोनेतीच्या हातांकडे.

"काहीतरीच बोलू नकोस," लाउरेंतिनो हळू आवाजात म्हणाला. "ते दुखणं ओतासिलियोच्या घराण्यातलं. तुझ्या नवऱ्याबरोबर पुरलं आपण ते. आमच्या रक्ताशी त्याचा काय संबंध?"

"दादा, तू होतास त्या खोलीत."

लाउरेंतिनो बाळाच्या दंडांकडे बघत राहिला.

"नातालच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन घराण्यांची दोन झाडं काढून दाखवली होती. हे दुखणं एका बाजूने येत नाही म्हणाल्या. बापाकडून यावं लागतं आणि आईकडूनही. बापाकडचं ओतासिलियोचं, धरून चालू. आईकडचं कुणाचं? मी कुणाची लेक, दादा? आपण तिघं एकाच आईच्या पोटची. मी, तू आणि दामियाना. परत येताना गाडीत तू म्हणालास, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं बरं. मेलेला माणूस काही भांडायला येत नाही."

जेनिवाल इतका वेळ चुलीपाशी लाकडं सारत होता. तो पायऱ्या चढून वर आला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं? आमचं लग्न ठरवलंत तेव्हा?"

"प्रत्येकाला होतं असं थोडंच आहे?" लाउरेंतिनोने हात उडवले. "शंभर वर्षं आपण आपसात लग्नं करत आलोय. किती पोरं धडधाकट निघाली! तू निघालास, ही निघाली."

"आणि जी नाही निघाली?"

"ती तापाने गेली."

"सगळी तापानेच?"

"मला काय विचारतोस? मी काय देव आहे?" म्हातारा ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याचा आवाज बसला. तो खुर्चीत टेकला. "मी रोज सकाळी उठून त्याचे दंड बघतो, जेनिवाल. रोज. आणि रोज म्हणतो, माझेच आहेत, माझेच आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत."

आयुष्यभर झुल्मिराने भावाचा आवाज चढलेलाच ऐकला होता, बसलेला कधी नाही. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"अहो, पण हे नक्की कशावरून?" कितेरिया एप्रनला हात पुसत राहिली. तिचा तोरा उतरला होता. "ही काय डॉक्टर आहे का?"

"नाही. मीही नाही, मामी. मी शिंपीण आहे," इवोनेती पहिल्यांदाच बोलली. "तपासणी होईपर्यंत नक्की काही नाही. सोमवारी नातालला न्या. माझं चुकलं तर मी सगळ्यांसमोर कान धरीन."

लुसिमारने सासूच्या कडेवरून बाळ घेतलं होतं. ते तिच्या गळ्यात तोंड घुसवून काहीतरी शोधत होतं. ती सरळ इवोनेतीसमोर जाऊन उभी राहिली.

"म्हणजे माझं दूध...?"

"तुझ्या दुधात काही खोट नाही."

"पोट भरतं त्याचं?"

"पोट भरतं. भूक जात नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"नीट सांग. त्याला बोलता येत नाही. तू सांग."

इवोनेतीने एकदा आईकडे पाहिलं. "अंगातली चरबी डोक्याला निरोप पाठवते, आता पुरे, असा. आमच्यात चरबीच नाही, मग निरोप कोण नेणार? लहानपणी मी पोट दुखेपर्यंत खायचे आणि तरी आतून कुणीतरी ओरडतच असायचं, खा, खा. आईला वाटायचं मी हावरी आहे. मलाही तसंच वाटायचं. मी देवळात जाऊन सांत आनाआईला सांगायचे की मला चांगली मुलगी कर. साखरेचंही तसंच. इन्सुलिन टोचायचं ते इतरांच्या कितीतरी पट, आणि तरी अंग ऐकत नाही. गेल्या वर्षी कोर्टात सरकारशी भांडून एक महागडं नवं इंजेक्शन मिळवलं. ते रोज घ्यायचं, तो निरोप बाहेरून द्यायचा. घेतल्यावर महिन्याभराने एक दिवस जेवताना माझा हात आपोआप थांबला. ताटात भात उरला होता. मी त्याच्याकडे बघत बसले. पोट भरलं म्हणजे काय, ते मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं."

झुल्मिरा खांबाला धरून उभी होती. एवढी वर्षं एका घरात काढली, पण असं कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि पोरीने कधी सांगितलं नव्हतं. कोठीच्या दारापाशी बसून राहिलेली ती सात वर्षांची पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"जगेल ना तो?" लुसिमारने विचारलं.

"मी जगतेय की. आणि तो माझ्यापेक्षा बरा जगेल. त्याला बोलणी खावी लागणार नाहीत, तेवढं बघा म्हणजे झालं."

लुसिमार रडायला लागली. पण ते रडणं नुसतं दुःखाचं नव्हतं. आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं होतं. "माझं दूध चांगलं आहे," ती जेनिवालला म्हणाली, आणि त्यानेही डोळे पुसत मान हलवली.

"देवा रे," कितेरिया एकदम म्हणाली, "उद्या महापौरांची बायको येणार आहे धर्ममाता व्हायला! ती धरणार मांडीवर, तिला काय सांगायचं? गावभर होईल."

"तिला काही सांगू नका, मामी. तिला पुढच्या बाकावर बसवा, शोरिसोची मोठी बशी द्या," लुसिमार नाक पुसत म्हणाली. "धर्ममाता इवोनेती होईल."

"अग बाई!" कितेरियाने छातीवर क्रूसाची खूण केली. "वेडी का खुळी तू! पोर धर्ममातेवर जातं! तिचा अंश उतरतो पोरात!"

"उतरलाय की. आता आणखी काय व्हायचं राहिलंय? ज्या बाईवर तो गेलाय तिच्याच मांडीवर देते. पोट भरल्यावरची भूक कशी सोसायची ते त्याला महापौरीण शिकवणार आहे का?"

इवोनेती एक पाऊल मागे सरकली होती. गावातल्या निम्म्या पोरांचे झगे तिने शिवले होते, पण त्यातलं एक पोर धरायला तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

"मला विचारलंस तरी का?" ती म्हणाली.

"नाही विचारलं. होशील का?"

"होईन. पण रडला की तुझ्याकडे देणार."

लुसिमारने बाळ तिच्या हातात दिलं. नेतिन्योने तिच्या दंडाची एक फुगलेली शीर बोटाने दाबून बघितली, मग तीच शीर तोंडात घालायचा प्रयत्न केला. अंगणात कुणीतरी खुदकन हसलं. हळूहळू माणसं हलायला लागली, कुणी फरशी पुसायला घेतली, कुणी चुलीकडे धावलं.

झुल्मिराला पोरीजवळ जायचं होतं. काय बोलावं ते सुचत नव्हतं. माफ कर म्हणावं तर ते केवढंसं, आणि सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? ती जाऊन नुसती तिच्या शेजारी उभी राहिली. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही आईच्या तोंडून दिवसातून दहादा निघतं. तिच्या मात्र एवढ्या वर्षांत कधी निघालं नव्हतं. ते विचारायची तिला भीती वाटायची.

"इवो, जेवलीस का ग?"

इवोनेतीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "भूक लागलीय, आई. वाढतेस?"